पेल्यांची चळत

१९ सप्टेंबर, शुक्रवार. आज दुपारी गिरणी बंद ठेवली आणि तुमचे पेले गोळा करायला निघाले.

ताई, नांदेडच्या तुमच्या मैत्रिणी तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढणार आहेत. मलाही लिहायला सांगितलं. मी म्हटलं, मला पीठ दळता येतं, ग्रामपंचायत चालवता येते, लिहिणं जमायचं नाही. त्या म्हणाल्या, ताईंशी बोलता तसं लिहा. तुमच्याशी मी बोलत कुठं होते, भांडत होते. तर तसंच लिहिते. तुम्हाला ठाऊक असलेलंही मध्येमध्ये सांगावं लागेल, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊक नाही.

तुमच्या नव्या गाडीच्या लाइनीच्या कडेच्या घरांतून मला निरोप यायला लागले होते, की ताईंची भांडी घेऊन जा. पितृपंधरवडा चालू आहे. गेलेल्या माणसाची वस्तू चुलीजवळ ठेवायला बायकांना नको वाटतं. त्यांचं चूक नाही. मी पिशवी घेतली आणि आधी लताकडं गेले, कारण वाटेत तिचं घर सगळ्यात आधी लागतं.

फळीवर तुमची चळत तुम्ही रचली होती तशीच उभी होती. स्टीलचे चार पेले, एक पालथा, त्यावर एक सुलटा, पुन्हा पालथा, पुन्हा सुलटा. मी सगळ्यात वरचा पेला धरून उचलला, तर चारही पेले एकदम वर आले.

मी तशीच उभी राहिले, हातात ती काठीसारखी चळत घेऊन. लता मागं उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

पेले ओढून वेगळे केले, तर प्रत्येक जोडाला वाळलेली कणीक. तळाला गोळी दाबून चपटी केलेली, काठाला बारीक वळी करून फिरवलेली. ज्वारीचं पीठ असं धरत नाही. ही गव्हाची कणीक, आणि पीठ माझ्याच गिरणीतलं.

मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "काकू, ताईंचं वाईट वाटू नये म्हणून लावली. लई आशेनं यायच्या हो त्या. येऊन आधी फळीकडं बघायच्या, मग माझ्याकडं. पडलेलं दिसलं असतं तर त्यांचं तोंड एवढंसं झालं असतं."

"कणीक लावायच्या आधी कधी पडली होती का?"

"कुणाला ठाऊक. पडू नये म्हणून पहिल्या दिवशीच लावली."

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरी कणीक नव्हती, डिंक होता. त्या घरची सून शिकलेली आहे. एकमेकींना विचारून केलं होतं असंही नाही. एकीनं केलं, दुसरीनं बघितलं, तिसरीला आपोआप सुचलं. सगळ्यांना तुम्ही आवडत होतात. तुम्ही खाली फरशीवर बसून कोरा चहा प्यायचात, कुणाच्या पोराचं नाक पुसायचात, आणि म्हणायचात की बाई, माझी खरी मशीन तुझ्या फळीवर आहे. तुमची मशीन बंद पडू नये म्हणून त्यांनी ती चिकटवून टाकली.

मी हसले असते. रस्त्यानं येताना एकदा हसूही आलं. मग मी पंचायतीच्या कट्ट्यावर टेकले. का, ते पुढं सांगते.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा संध्याकाळी तुमच्या भावाला पेल्यावर पेला ठेवताना पाहिलं आणि मला वाटलं, डोक्यानं जरा कमी दिसतोय. नंतर कळलं. भूकंपात किल्लारीकडचं तुमचं गाव गेलं, तुम्ही दोघं बहीणभाऊ इकडं मामाच्या गावाला आलात, आणि तेव्हापासून तुमच्या घरात दिवे लागले की चळत लागायची. जमीन हलली तर पेले पडतील, आवाज होईल, माणूस जागा होईल. मी तुम्हाला म्हटलं होतं, ताई, पेले पडेपर्यंत घर पडलेलं असतं. तुम्ही म्हणालात, "शोभा, तेवढ्यात उंबरा ओलांडता येतो. आम्ही ओलांडलाय." त्यानंतर मी त्या पेल्यांना हात लावला नाही. रचलेही नाहीत. ते तुमचं आणि तुमच्या भावाचं काम होतं.

तुमच्या आईचं तुम्ही मला कधी सांगितलं नाही, यांनी सांगितलं. ती दगडमातीतून जिवंत निघाली होती, आणि जीपमध्ये घालून लातूरला नेताना वाटेत गेली. तुम्ही त्यावर बोलला नाहीत. तुम्ही गाड्यांवर बोलत राहिलात. इंजिनिअर झालात, पूल बांधलेत, परगावी राहिलात, आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर एक दिवस जेवताना म्हणालात, आपल्याकडं लातूर ते नांदेड चुंबकावर चालणारी गाडी येणार आहे, चाचणीचा तुकडा आपल्याच गावाच्या गायरानावरून जाणार आहे, आणि सुरक्षा बघायचं काम माझ्याकडं आहे. लोखंडी पट्टीच्या वर बोटभर तरंगत जाते. चाक नाही, घासणं नाही, आवाज नाही. तुमचा घास ताटातच होता. मी एवढं खुशीत तुम्हाला कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, एसटी वेळेवर आली तरी पुष्कळ आहे.

तुम्ही म्हणालात, जमिनीवर माझा भरवसा नाही. ही गाडी जमिनीला लागतच नाही, म्हणून मला आवडते.

"आणि खांब कशात रोवणार, ताई? ढगात?"

तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. उत्तर मात्र दिलं नाहीत. आपलं खरं भांडण ते एवढंच. ते शेवटपर्यंत चाललं आणि अर्ध्यावर राहिलं.

पुढची वर्षं कागदात गेली. गाडीला चाकं असती तर ती केव्हाच धावली असती. एका कार्यालयातून उत्तर आलं की जी गाडी रुळाला टेकत नाही ती आमच्या कायद्यातली रेल्वे नव्हे, तपासायला माणूस कोणत्या कलमाखाली पाठवू. दुसरीकडं गेलात, तर तिथला कायदा शहरातल्या गाड्यांचा. आणि आमच्या गावात शहरासारखं काय, तर एक एटीएम, तेही बंद. राज्याकडं गेलात की केंद्राकडं जा, केंद्राकडं गेलात की राज्याची शिफारस आणा. सरकार बदललं, समिती बदलली, नव्या समितीनं जुन्या समितीची कागदपत्रं पुन्हा मागवली. तुम्ही नांदेडहून शनिवारी यायचात, पिशवी टाकायचात आणि म्हणायचात, "शोभा, गाडी बोटभर तरंगते, फाईल हातभर तरंगते. चहा कर."

त्यात लातूर आणि नांदेड. लातूरचे म्हणणार लाइन लातूरहून सुरू होते, नांदेडचे म्हणणार नांदेडहून. फाट्यावरची पाटी दोनदा पुसून रंगवली. शेवटी तुम्हीच सांगितलंत की गावांची नावं नकोत, नुसता बाण काढा. तर बाणाचं तोंड नांदेडकडं आहे म्हणून तक्रार गेली. तुम्ही पाटीच काढून टाकलीत. तिचा खांब अजून तिथं आहे, त्याला शेळी बांधतात.

मी तुम्हाला चिडवायचे, पण मनातून मला बरं वाटायचं. फाईल तरंगत होती तोवर गाडी यायची नव्हती. आपल्या भागात माणूस जमिनीखालच्या आवाजाला भितो. रेतीचा ट्रक जोरात गेला तरी म्हाताऱ्या दारात येतात. मला वाटायचं, सरकारात कुणीतरी शहाणं बसलंय आणि मुद्दाम उशीर करतंय. तसं कुणी नव्हतं, हे मला नंतर कळलं. उशीर नुसताच होत होता. कुणी काही तपासत नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात रिकामी गाडी चालवायला परवानगी मिळाली. माणूस बसवायचा नाही, ही अट. पांढरी, लांबट, तोंडाकडं निमुळती. पहिल्यांदा गेली तेव्हा सगळं गाव बघायला होतं, आणि ती कशी आली न् कशी गेली, कुणाला कळलं नाही. नुसता वारा आला. दगडू गुरवानं तर टोपी पडली म्हणून शेजारच्याला शिवी दिली.

तेव्हाच तुम्ही लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून एका मापाचे पेले आणलेत आणि लाइनीच्या कडेच्या प्रत्येक घरात चळत लावलीत. खांबांवर तुमची यंत्रं होती. पण ती खांबाचं सांगतात, घराचं नाही, असं तुम्ही म्हणालात. आणि घरं खांबापासून किती लांब असावीत, याचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. तुमच्या ऑफिसातले हसले म्हणे. तुम्ही त्यांना सांगितलंत की यंत्राचा आकडा ह्या बायका वाचणार नाहीत आणि वाचला तरी मानणार नाहीत. पेला पडला तर त्यांना मला विचारावं लागणार नाही.

उन्हाळाभर एकही चळत पडली नाही. आषाढात एक पडली, गयाबाईची.

गयाबाईला वाचणारे ओळखत नाहीत. म्हातारी एकटी राहते, एक मांजर आहे, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर तिची तक्रार असते. नळाला पाणी आलं तर जोरात का आलं म्हणते. लाइनीला ती पहिल्या दिवसापासून विरोधात, कारण खांब तिच्या दारासमोर आला. म्हणून तिचे पेले पडले असं तिनं सांगितल्यावर सगळा गाव म्हणाला, मांजरीनं पाडले असतील. मीही तेच म्हटलं.

तुम्ही त्या दिवशी भिजत गिरणीत आलात आणि पोत्यावर बसलात. पट्टा चालू होता, मी बंद केला. तुम्ही समोरच्या पिठात बोट खुपसून म्हणालात की तुझ्या त्या खांबाच्या प्रश्नाचं उत्तर देते. गाडी चुंबकावर असते, ती सारखी स्वतःला सावरत असते. खांब थोडा जरी कलला तरी ती सावरते, आणि सावरताना हिसका खांबाला देते. खांब तो मातीला देतो. आपली काळी माती उन्हात फाटलेली असते तेव्हा हिसका भेगांत जिरतो. पाणी पिऊन ती फुगली की जिरत नाही, पुढं जातो, आणि खांबही जागचे हलतात. किती हलतात, ते बघायचंय.

मी म्हटलं, मग सांगून टाका वर.

"एका चळतीवर? बाकी सगळ्या उभ्या आहेत, शोभा. अजून पाऊस मुरायचाय. पोळ्यानंतर माती पोटभर प्यालेली असेल. तेव्हा पुन्हा बघू आणि मग सांगते."

पोळा झाला आणि तुम्ही गेलात. नांदेडला, ऑफिसच्या जिन्यात. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबला नाहीत. तुम्हाला वाटेत मरायचं नव्हतं हे मला माहीत आहे. जिन्यात काय फरक पडला, ते तुम्हीच सांगा.

आता मी कट्ट्यावर का टेकले ते सांगते.

बाकी सगळ्या चळती उभ्या होत्या, म्हणून तुम्ही थांबलात. आणि त्या उभ्या होत्या कणकेवर.

दुसरं त्याहून वाईट. श्रावणात तुम्ही आणि मी मिळून लताकडं गेलो होतो. तुम्ही बोलता बोलता चळतीला हात घातलात. वरचा पेला धरलात, जरासा उचललात, आणि परत ठेवलात. क्षणभर तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग लताला म्हणालात, चहात आलं टाक गं. मी तेव्हा पोराच्या अंगातला ताप बघत होते, नीट पाहिलं नाही. आज दुपारपासून मी मनातल्या मनात तो पेला पुन्हा पुन्हा उचलून बघते आहे. एकटा वर आला होता की खालचे घेऊन आला होता? तुम्हाला कळलं होतं का, ताई? कळलं असेल तर तुम्ही गप्प का बसलात? पोरीला लाजवायला नको म्हणून? पोळ्यानंतर सगळं नव्यानं लावायचं मनात होतं म्हणून? की इतक्या वर्षांनी गाडी धावायला लागली होती आणि तुम्हालाही पेले पडलेले बघायचे नव्हते? यातलं काहीही खरं असू शकतं. तुमच्याबद्दल असा विचार करायची वेळ माझ्यावर आली, याचा मला राग आहे. आणि विचारायचं कुणाला, तर तुम्हालाच.

गयाबाईकडं सगळ्यात शेवटी गेले. तिचे पेले एकेक वेगळे, स्वच्छ. तिला कणकेचं विचारलं तर म्हणाली, मला भाकरीला पीठ पुरंना, पेल्याला कुठून लावू. मग पिशवीत पेले टाकताना म्हणाली, "तुमच्या ताईला म्या सांगितलं व्हतं, मांजर भायेर व्हती म्हणून. ती म्हणली, गयाबाई, मला बी तसंच वाटतंय. अन् मग दारातल्या खांबाकडं बघत बसली."

उद्या ग्रामसभा आहे.

तुमच्या शेवटच्या महिन्यात समितीचं पत्र आलं होतं, ते तुम्ही माझ्यासमोर वाचलंत. जिथे प्रचलित नियम लागू होत नाही, तिथे संबंधित ग्रामसभेची संमती ग्राह्य धरावी, असं त्यात होतं. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. म्हणालात, "शोभा, नियम सापडला नाही म्हणून त्यांनी तुझी सही नियमाच्या जागी ठेवली." मला तेव्हा ते मानाचं वाटलं होतं.

आता अण्णा रोज येतात. अण्णा म्हणजे आमच्या तालुक्याचे पुढारी. लातूरच्या लोकांत बसले की लातूरचे, नांदेडच्या लोकांत बसले की नांदेडचे. त्यांना आचारसंहिता लागायच्या आत माणसांची पहिली फेरी काढायची आहे. बचत गटाच्या बायका आणि शाळेतल्या मुली बसणार. बायकांनी एकसारख्या साड्या घ्यायचं ठरलंसुद्धा. लता बाळाला घेऊन बसणार आहे, आजही तेच सांगत होती, हातात कणकेचे पेले असताना. आणि गाडीच्या तोंडाला तुमचा फोटो, हार घालून. "ताईंचं सपान व्हतं, सरपंचबाई," अण्णा म्हणाले, "त्यांच्या नावानं पहिली फेरी. तुम्ही घरच्या. तुम्ही का मागं सरून राहिल्या?"

मी म्हटलं, पावसाळा सरू द्या. ते हसले. शेजारच्या राज्यानं जागा, वीज, सगळं देऊ केलंय. आपण आज न्हाई म्हणलं तर कंपनी खांब उपटून तिकडं नेईल, आणि मग पोरं विचारतील कुणी घालवली. हे त्यांनी शांतपणे सांगितलं, चहाचा कप खाली ठेवत. ते खोटं बोलत नव्हते. तुमच्या ऑफिसातल्या साहेबांनीही फोनवर तेच सांगितलं, फक्त शुद्ध बोलून. मी त्यांना खांबांवरच्या यंत्रांचं विचारलं. ते म्हणाले, आकडे मर्यादेत आहेत. मी म्हटलं, कोणाच्या मर्यादेत? ते म्हणाले, मॅडम, तेच तर अजून ठरायचं आहे.

मला भीती वाटते, ताई. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. निवडणुकीत माझ्या दारावर दगड आले तेव्हा मी भ्यायले नाही, ते तुम्ही बघितलं आहे. ही भीती वेगळी आहे. मला समोर माणूस दिसत नाही. कायदा बघायला गेलं तर तिथं रिकामी जागा, अधिकारी बघायला गेलं तर त्याचं बोट माझ्याकडं, आणि तुमच्याकडं वळून बघितलं तर तुमची खुर्ची रिकामी. हो म्हटलं आणि ती पांढरी गाडी पोरींना घेऊन एखाद्या कललेल्या खांबावर आली तर? नाही म्हटलं आणि काहीच बिघडलेलं नसेल तर? मग मी, तुमची भावजय, पिठाची गिरणी चालवणारी बाई, तुमचं सगळं आयुष्य कणकेच्या गोळीवरून घालवलं असं होईल. संध्याकाळी चुलीवर पाणी ठेवलं आणि ते उकळायला लागल्यावर भांडं थरथरलं, तर मी दोन पावलं मागं सरले. पाणी उकळताना भांडं थरथरतंच.

यांना विचारलं. हे म्हणाले, मला नको विचारू, मी असलं ताईला विचारायचो. आणि मग फळीसमोर जाऊन उभे राहिले. तुम्ही गेल्यापासून घरातली चळत लागलेली नाही.

पेले गरम पाण्यात भिजत घातलेत. कणीक सुटायला वेळ लागतो. राखेनं घासून ठेवते. आज तुमच्यावर रागावून झोपणार आहे. तुम्ही असतात तर उठून भांडायला आले असते.

२० सप्टेंबर.

सकाळी उजाडताच पेले पिशवीत घालून निघाले. पाऊस नव्हता, पण माती अशी की पाय टाकला तर चप्पल परत देईना. पोटभर प्यालेली म्हणजे हीच. प्रत्येक घरी गेले आणि बाईला म्हटलं, आता तूच रच, माझ्यासमोर, आणि कशानंही चिकटवायची नाही. लताचे पेले दोनदा तिच्या हातूनच पडले. तिसऱ्यांदा उभे राहिले. मी म्हटलं, गाडी जाईपर्यंत पोराला घेऊन बाहेर बस, आत कुणी चालायचं नाही. लता म्हणाली, "काकू, पडलं तर आमची फेरी ऱ्हाईल का?" मी पिशवी उचलून पुढच्या घरी निघाले.

मी स्वतः गयाबाईकडं बसले. तिथली चळत मी रचली. पहिल्यांदाच, ताई, इतक्या वर्षांत. पालथा, सुलटा, पालथा, सुलटा. माझ्या हाताला घाम होता, तो पदराला पुसून पुसून रचली. गयाबाई भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, मांजर कुठं आहे? तिनं मांजर उचलून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. "घ्या," म्हणाली, "आता तुमच्या गावाला कुणाचं नाव घ्यायचं ते घेऊ द्या."

सकाळची रिकामी गाडी आली. तुम्ही म्हणायचात तसा आवाज नाहीच, दारातून वारा आला आणि गयाबाईच्या केसांची बट हलली. मला वाटलं, गेली. मी श्वास सोडला. मग वरच्या पेल्यानं खालच्याच्या तळावर बारीक टिकटिक केली, जशी दाताला दात लागल्यावर होते. वारा गेलेला होता. टिकटिक वाढली, आणि चारही पेले फळीवरून खाली आले.

मांजर मांडीवरच होती.  इतक्या वर्षांत गयाबाई गप्प राहिलेली मी पहिल्यांदा बघितली. तिनं मांजर सोडली नाही, उलट आणखी जवळ घेतली.

मी पेले उचलले आणि घराघरांतून बघत गेले. लताचे पडले होते. शिकलेल्या सुनेचे पडले होते. एका घरचे उभे होते. बायका आपापल्या दारात उभ्या, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

ग्रामसभेत मी भाषण केलं नाही. पेले टेबलावर ठेवले आणि कणकेचं सांगितलं. कुणाच्या घरचं ते सांगितलं नाही. अण्णा म्हणाले, चार पेले पडले म्हणून कोटींची लाइन थांबवणार का? मागून लता उठली, पोर कडेवर, आणि म्हणाली की तिचे पेले तिनं स्वतः रचले होते आणि ती बसणार नाही. मग बायकांच्या बाजूनं आणखी हात वर झाले. सगळ्यांचे नाही. ग्रामसेवकानं ठराव लिहिला, की माती वाळेपर्यंत आणि घराघरांतून पुन्हा बघेपर्यंत गाडीत माणूस बसवायला ह्या गावाची संमती नाही. मी सही केली. अण्णा फोन कानाला लावून बाहेर गेले, आणि बाहेर ते कुणाशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

तुमची गाडी मी अडवली, ताई. लोक मला म्हणाले, ताई असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं. मी हो म्हटलं. मला ते माहीत नाही.

घरी आले. तुमचा भाऊ पडवीत बसला होता, त्याला काही सांगावं लागलं नाही. मी पिशवीतले पेले काढले आणि स्वयंपाकघराच्या फळीवर चळत रचली. मग गिरणी उघडली. दळणं साचली होती.